पिशव्या सांभाळणारा माणूस



शाळांच्या परीक्षा संपल्या की माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. तो खोकल्याचा नसतो, तापाचा नसतो. तो असतो सहलीचा.

मागच्या एप्रिलमध्ये असंच एक कुटुंब आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) आजोबा अडुसष्ट वर्षांचे, पंधरा वर्षांपासून शुगर, बीपीच्या दोन गोळ्या. सोबत मुलगा आणि नातू. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या आणि मुलानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे हैदराबादला जायलोत. एक दिवस रामोजी फिल्म सिटी, एक दिवस वॉटर पार्क. बाबांना न्यावं का घरीच ठेवावं?"

मी तोंड उघडायच्या आधी आजोबाच म्हणाले, "मी येतो की. मला कुठं पाळण्यात बसायचंय! पिशव्या सांभाळायला कुणीतरी लागतंच."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आमच्या घरात, आमच्या अण्णांच्या तोंडून. आणि त्या वाक्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी एकदा मोजता मोजता वाचलो होतो. आज तीच गोष्ट सांगणार आहे. सोबत सहलीच्या आरोग्याचं जे सांगायचं तेही येईलच.

माळेगावचा आकाशपाळणा

आमच्या पिढीला थीम पार्क हा शब्द माहीत नव्हता. नांदेड जिल्ह्यातल्या पोराला वर्षातून एकदा जो 'पार्क' मिळायचा तो म्हणजे माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्षात, वेळ अमावस्येच्या तोंडावर भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, तमाशाचे तंबू, 'येळकोट येळकोट'चा गजर आणि हवेत उधळलेला भंडारा. आणि या सगळ्याच्या डोक्यावर फिरणारा आकाशपाळणा. लातूरकरांना हाच आनंद महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेत मिळतो.

मी आठेक वर्षांचा असेन. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. बैलगाडीनं गेलो होतो. तेव्हाचा पाळणा लाकडी, हातानं फिरवायचा. दोन गडी खालून ढकलायचे. मी, माझी बहीण आणि चुलतभाऊ एका पेटीत बसलो. अण्णा खाली उभे राहिले. त्यांच्या एका हातात आमच्या तिघांच्या चपला, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं आणि खांद्यावर आमचे स्वेटर.

वर गेल्यावर उंट शेळीएवढे दिसायला लागले. माझा आनंद दोन फेऱ्या टिकला. तिसऱ्या फेरीला पोटात गोळा आला आणि चौथ्या फेरीला सकाळच्या रेवड्या, गोडीशेव सगळं बाहेर. खाली उतरल्यावर बहिणीनं तोंड वाकडं केलं. अण्णा काही बोलले नाहीत. चपला खाली ठेवल्या, तांब्यातल्या पाण्यानं माझं तोंड धुतलं, लिंबाची फोड हुंगायला दिली आणि म्हणाले, "पाळणा थांबला, की पोटही थांबंल."

पुढं मेडिकलला गेल्यावर कळलं, की अण्णांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीर कोणत्या दिशेला हलतंय, वळतंय हे त्या मेंदूला कळवतात. पाळण्यात कान सांगतो, "आपण वर-खाली होतोय." पण डोळ्यांसमोर बहीण आणि पेटीची फळी स्थिर दिसते, म्हणून डोळे सांगतात, "आपण बसलेलो आहोत." दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळल्या नाहीत, की मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. घाटातली बस, बोट, गाडीत मोबाइल बघणं, सगळीकडे कारण हेच. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. मायग्रेन असणाऱ्यांना आणि गरोदर बायकांनाही होतो.

उपाय सोपे आहेत. पाळण्यात किंवा गाडीत बसल्यावर जवळचं काही न बघता दूर क्षितिजाकडे बघावं. पोट तुडुंब नसावं, अगदी रिकामंही नसावं. बसमध्ये पुढची सीट घ्यावी. उलटी थांबवणाऱ्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर फारशा उपयोगी पडत नाहीत, त्या प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी घ्याव्या लागतात. त्यातल्या बहुतेकांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं त्या घेऊ नयेत. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आठवणीत काय राहतं?

१९८९ साली मुंबईच्या गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. दूरदर्शनवरची त्याची जाहिरात आमच्या पिढीला अजून पाठ असेल. मी तेव्हा अंबाजोगाईला एमबीबीएस करत होतो. आम्ही चार मित्रांनी मेसमधून पैसे वाचवून एकदा तिथं जायचं ठरवलं आणि गेलो. दिवसभर एकूण एक पाळण्यात बसलो. आज विचाराल तर त्यातला एकच झोका आठवतो, ज्याच्यात आमचा सगळ्यात धीट मित्र डोळे मिटून मोठ्यानं रामरक्षा म्हणत होता. आणि आठवतो तो संध्याकाळी बोटीनं परत येतानाचा वारा. चौघंही गप्प, पाय दुखतायत, समोर सूर्य बुडतोय. रांगेत घालवलेले चार-पाच तास मेंदूनं कुठं टाकून दिले कोण जाणे. एस्सेलवर्ल्डही आता बंद झालं. आठवण मात्र उरली.

हे असं का होतं, याचं एक उत्तर आमच्याच क्षेत्रातल्या एका अभ्यासातून मिळालं आहे. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन आणि डॉ. डोनाल्ड रेडेलमायर यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, होत असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तपासणी चालू असताना किती दुखतंय हे रुग्ण सांगत होते आणि नंतर ती तपासणी एकूण कशी वाटली हेही विचारलं. दिसलं असं, की तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीवर फारसा परिणाम होत नाही. सर्वांत तीव्र क्षण कसा होता आणि शेवट कसा झाला, या दोन गोष्टींवर आठवण ठरते.

सुखाच्या दिवसांनाही बराचसा हाच नियम लागू पडतो. म्हणून माझा एक सल्ला असतो. पार्कात तिकिटाचे पैसे वसूल करायला रात्रीपर्यंत थांबू नका. पोरं रडकुंडीला आली, म्हाताऱ्यांचे पाय सुजले आणि नवरा-बायकोचं पार्किंगमध्ये भांडण झालं, की दिवसाची आठवण तीच होते. सगळे अजून हसत असतानाच निघा. कुठंतरी निवांत बसून जेवा. दोन पाळणे राहिले तर राहू द्या.

तो मे महिना

आता मुख्य गोष्ट.

२००७ सालचा मे महिना. आमची मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नांदेडच्या माणसाला मोठी सहल म्हणजे हैदराबाद. रात्री रेल्वेत बसलं, की सकाळी सिकंदराबाद. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती, आणि ती अर्थातच मीच लिहून दिलेली.

सकाळी आठ वाजता लॉजवर त्यांनी गोळी घेतली. प्रवासानं तोंडाला चव नव्हती म्हणून पोहे दोन घास खाल्ले आणि बशी बाजूला सारली. मी बघितलं. 'आत गेल्यावर खातील काहीतरी,' असा विचार करून विसरलो.

वॉटर पार्कात शिरताच अण्णांनी एक सावलीतला बाक पकडला. "जा तुम्ही. पिशव्या मी सांभाळतो." चार जणांचे कपडे, चपला, घड्याळं, मोबाइल, बायकोची पर्स, सगळं त्यांच्या भोवती रचून आम्ही पाण्यात गेलो. पैशाचं पाकीटही त्यांच्याच पिशवीत होतं. पण दुसऱ्याच्या पाकिटाला न विचारता हात लावतील ते अण्णा कसले! आणि पिशव्या सोडून खायच्या दुकानापर्यंत जाणं त्यांना पटलं नसतं. सांभाळायला दिलेली वस्तू सोडून जायची नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं वळण.

'आता शेवटचं एकदा' असं करता करता अडीच वाजले.

बाकाजवळ आलो तर अण्णांचा सदरा घामानं चिंब. मला वाटलं, उन्हाळा आहे, घाम येणारच. माझी मुलगी जवळ गेली आणि धावत परत आली. "बाबा, आजोबा काहीतरीच बोलतायत. मला विचारतायत, शाळेची घंटा झाली का?"

एका क्षणात मला दिसायला हवं होतं ते दिसलं. उन्हात बसलेल्या माणसाचा हात बर्फासारखा गार. बोटं थरथरतायत. नजर ओळखीची नाही. ही शुगर उतरली होती. ग्लुकोमीटर? तो लॉजवर. साखर? बायकोच्या पर्समध्ये लिमलेटची एक गोळीही नव्हती. शेजारच्या बाकावर एक तेलुगू कुटुंब होतं. त्यांच्या आजीनं मी काही सांगायच्या आत आंब्याच्या रसाची बाटली पुढं केली. अण्णांना गिळता येत होतं म्हणून घोट घोट पाजला. दहा-पंधरा मिनिटांनी नजर स्थिर झाली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग बाकाखाली पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "पिशव्या आहेत ना सगळ्या?"

मी एमडी झालेला डॉक्टर. 'गोळी घेतल्यावर वेळेवर जेवा' हे वाक्य रोज चाळीस कागदांवर लिहिणारा. आणि माझ्याच वडिलांना मी गोळी देऊन, उपाशी ठेवून, सामानाजवळ बसवून पाण्यात खेळत होतो. अजून तासभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे मला वाचकांपेक्षा जास्त माहीत आहे.

शुगर उतरणं ओळखा

शुगर वाढण्याची भीती आपल्याकडे सगळ्यांना असते. उतरण्याची नसते. पण सहलीच्या एका दिवसात खरा धोका उतरण्याचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना तो जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना फार कमी. जेवण लांबलं, चालणं वाढलं आणि गोळीचं काम मात्र ठरल्या वेळेला चालूच राहिलं, की शुगर ७० च्या खाली जाते.

लक्षणं: घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं. म्हातारपणी घाम-थरथर कमी आणि गोंधळलेलं बोलणंच जास्त, असंही होतं. 'वय झालंय, काहीतरी बोलतायत' म्हणून सोडून देऊ नका.

उपाय: माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, नाहीतर अर्धा-पाऊण कप फळांचा रस किंवा साधं गोड शीतपेय. डाएट लिहिलेलं नको, त्यात साखर नसते. पंधरा मिनिटांनी परत तपासा, बरं वाटलं नसेल तर तेवढंच पुन्हा द्या. बरं वाटल्यावर पोळी-भाजी, भात असं जेवण हवंच, कारण या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आणि सहलीच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, की त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं. मनानं गोळी बंद करू नका. बऱ्याच पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा आणि पेशंटसाठी काय नेता येईल हे गेटवर स्पष्ट विचारा. ग्लुकोजची पुडी मात्र खिशात असलीच पाहिजे. पिशवीत नको, पेशंटच्या खिशात.

ऊन, पाणी आणि तापलेली फरशी

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि आपण नेमके तेव्हाच सहलीला निघतो. मोठमोठ्यांना ऊन चुकलेलं नाही. १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत पहिलं डिस्नेलँड उघडलं तेव्हा इतकं ऊन होतं, की ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतल्या. त्यात नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे. सगळी जादू पाण्यापाशी अडली.

म्हणून तहान लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासानं पाणी प्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं, अर्धं पाकीट अंदाजानं नाही. बीपीसाठी लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आपल्या आया-बहिणी बाहेर 'बाथरूम कुठं शोधायचं' म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि सहलीनंतर लघवीच्या जळजळीनं ओपीडीत येतात. त्यांना बाथरूम कुठं आहे ते आधी दाखवा, मग स्लाइड कुठं आहे ते. ऊन लागून कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, तर ते उष्माघाताचं लक्षण असू शकतं. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८.

मधुमेही वाचकांना एक वेगळी सूचना. वॉटर पार्कात चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. बाकीचे उड्या मारत पळतात, हा माणूस शांतपणे चालत जातो आणि रात्री लॉजवर तळपायाला फोड दिसतात. अशा जखमा चिघळून महिनोन्महिने ड्रेसिंग करत बसलेले पेशंट मी पाहिले आहेत. रबरी चप्पल घालूनच फिरा आणि रात्री तळपाय कुणाला तरी दाखवा. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका.

लहान मुलांपैकी कुणाला जुलाब लागले असतील तर त्याला पाण्यात सोडू नका. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत आणि एका मुलाचा आजार पन्नास मुलांना होतो. कान फुटलेला असेल तर पाण्यात डोकं बुडवू नये.

कोणी बसावं, कोणी बसू नये

माझं मत इथं जरा वेगळं आहे. आम्ही डॉक्टर लोक 'नको' हा शब्द फार सहज वापरतो. तो सोपा असतो, त्यात आमची जबाबदारी संपते. पण सगळे पाळणे सारखे नसतात.

खोपोलीजवळच्या इमॅजिकातलं, २०१३ साली उघडलेल्या पार्कातलं, नायट्रोसारखं रोलर कोस्टर ही एक गोष्ट. तिथं शरीर उलटं होतं, मानेला झटके बसतात, वजन काही क्षण अनेक पट वाटतं, नाडी आणि बीपी एकदम चढतं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले, छातीत दुखत असलेले, बीपी ताब्यात नसलेले, गरोदर बायका, मानेचा-कमरेचा त्रास किंवा ऑपरेशन झालेले, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेले, फिट येणारे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, यांनी तिथं बसू नये. बाहेर पाटी लावलेली असते. ती वाचायची असते.

हळू फिरणारा आकाशपाळणा, झुकझुक गाडी, लाकडी घोड्यांचं चक्र, फिल्म सिटीतली बसमधून फिरायची सफर ही दुसरी गोष्ट. बीपी-शुगर ताब्यात असलेला, जिना चढताना छातीत न दुखणारा सत्तरीचा माणूस यात बसायला बहुतेक वेळा काहीच हरकत नसते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, पण 'पार्कात नेऊ का' असं न विचारता 'यातल्या कशात बसवू' असं विचारा. उत्तर बदलेल.

यात्रेतल्या पाळण्यात बसताना कुणीही असो, समोरची दांडी लागली आहे का बघा, क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबत असतील तर उतरा. मोकळे केस आणि ओढणी बांधून घ्या. चाकात केस अडकून भयंकर अपघात झालेले आहेत.

आता मुतखड्याचं. "डॉक्टर, रोलर कोस्टरमध्ये बसलं तर खडा पडतो म्हणे?" हे मला मोबाइल पुढं करून विचारलं जातं. हा अभ्यास खरा आहे. २०१६ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड वॉर्टिंजर यांनी सिलिकॉनची नकली किडनी खड्यांसह बॅगेत घालून डिस्ने वर्ल्डच्या एका कोस्टरमध्ये वारंवार फिरवली. मागच्या सीटवर ३६ पैकी २३ वेळा खडे सरकले, पुढच्या सीटवर २४ पैकी ४ वेळा. त्याला २०१८ साली इग नोबेल हे गमतीदार संशोधनांसाठीचं बक्षीसही मिळालं. पण तो प्रयोग नकली किडनीवरचा होता. खोपोलीच्या तिकिटापेक्षा रोज अडीच-तीन लिटर पाणी स्वस्त पडतं आणि खडा होऊच नये म्हणून कामाला येतं.

पिशव्या माझ्या हातात

हैदराबादहून परत आल्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. मीच अस्वस्थ होतो. एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. माळेगावच्या यात्रेत त्यांनी आम्हाला किती वर्षं नेलं, पण ते स्वतः पाळण्यात बसलेले मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना शुगर तर पुढं पन्नाशीनंतर झाली. तेव्हा कोणत्या डॉक्टरनं त्यांना मना केलं होतं?

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा माळेगावला गेलो. जायच्या आधी त्यांची ईसीजी, बीपी, शुगर सगळं पाहिलं. वाटेत वेळेवर जेवलो. भज्जी आणि भाकरी होती. पाळणा आता मोटरवर चालणारा, लोखंडी. मी तिकिटं काढली आणि एक अण्णांच्या हातात ठेवलं.

"आता या वयात?" ते म्हणाले. "आणि सामान कोण बघंल?"

"मी बघतो," म्हणालो.

ते नातीचा हात धरून चढले. त्यांच्या चपला, शाल, काठी, पोरांचे स्वेटर, रेवड्यांचा पुडा, सगळं घेऊन मी खाली उभा राहिलो. पहिल्यांदा कळलं की हे काम किती अवघड असतं. हात भरलेले असतात, बसता येत नाही, तहान लागली तर जाता येत नाही आणि नजर सतत वर लागलेली असते. आपली पेटी वर गेली की जीव थोडा वर जातो, खाली आली की खाली. माझी नाडी त्या दिवशी पाळण्यात बसलेल्यांपेक्षा जास्त असणार.

खाली उतरल्यावर अण्णांना विचारलं, कसं वाटलं. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "वरून ती जागा दिसली. आपण बैलगाडी सोडायचो ती. चिंचेखाली."

मग चपला पायात घालत म्हणाले, "तू ओकला होतास तेव्हा नेमका तिथंच बसवला होता तुला."

अण्णा आता नाहीत. पार्क, पाळणे, फिल्म सिटी, सगळं मिळून माझी सर्वांत आवडती आठवण कोणती असं कुणी विचारलं, तर ती या पाळण्याची आहे, ज्यात मी बसलोही नव्हतो.

तर, त्या एप्रिलमधल्या आजोबांना मी काय सांगितलं? गोळीची वेळ बदलून दिली, ग्लुकोजची पुडी खिशात ठेवायला सांगितली, रबरी चप्पल, दुपारी बारा ते चार सावलीत, एक वाजता जेवण, सगळं कागदावर लिहिलं. मुलाला सांगितलं, सामान लॉकरमध्ये ठेवायचं. लॉकर नसेल तर दर अर्ध्या तासानं सामानाजवळचा माणूस बदलायचा. सुनेची पाळी, मुलाची पाळी, मोठ्या नातवाची पाळी. आणि कागदाच्या शेवटी, जिथं आम्ही पथ्य लिहितो, तिथं लिहिलं: 'पिशव्या सांभाळणे वर्ज्य.'

आजोबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मग नातवाकडे बघून म्हणाले, "डॉक्टरांनीच सांगितलंय बाबा. आता माझा इलाज नाही."

सुट्टीत सहलीला जरूर जा. जेवणाच्या वेळा पाळा, पाणी प्या आणि बाकावर कोण बसलंय तिकडे अधूनमधून बघत राहा.

काळजी घ्या.